लेखी परीक्षेत शिसपेन्सिल कुठे चालते आणि पेन कुठे लागतो?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला आहे. सातवीपर्यंत तो ज्या शाळेत शिकला तेथे गणिताची वही शिसपेन्सिलीने लिहिण्याची पद्धत होती आणि वार्षिक परीक्षेतही गणिताचा पेपर पेन्सिलीने लिहिलेला चालत असे. आठवीत शाळा बदलली आणि सर्व विषयांना पेन आला. मुलाने यावर स्वतःपुरता एक उपाय शोधून काढला आहे. तो उदाहरण आधी पेन्सिलीने फिकट लिहितो, उत्तर पडताळून पाहतो, मग त्याच अक्षरांवरून पेन फिरवतो आणि शेवटी खोडरबराने खालची पेन्सिल काढून टाकतो. पान देखणे दिसते यात शंका नाही; परंतु चाळीस गुणांचा पेपर दोन तासांत पूर्ण होत नाही आणि शेवटचे प्रश्न कोरे राहतात. तेच प्रश्न घरी विचारले तर तो व्यवस्थित सोडवतो.

दुसरी अडचण आकृत्यांची आहे. विज्ञानाच्या बाई सांगतात की आकृती पेन्सिलीनेच काढायची. मराठीचे सर सांगतात की आकृती पेनानेच काढायची, आणि कोणी पेन्सिलीने काढली तर तसा शेरा देतात. भूगोलाच्या तासाला रंगीत पेन्सिलीसुद्धा चालतात. मुलाची समजूत अशी झाली आहे की ही प्रत्येक शिक्षकाची आपापली आवड आहे आणि दहावीच्या परीक्षेत यांपैकी कोणाचे ऐकायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे. उत्तरे पेनानेच लिहावीत यामागे नेमके कारण काय आहे? आकृत्यांबाबत दोन्ही शिक्षकांचे म्हणणे एकाच वेळी बरोबर असू शकते का? आणि खोडण्याची ही सवय मुलाला न दुखावता कशी सोडवावी? पेन कोणता घ्यावा याबद्दलही मार्गदर्शन मिळाले तर बरे होईल, कारण दुकानात गेले की तो दर वेळी नवाच जेल पेन उचलतो.

फळा आणि खडू

मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो आणि दहावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे कामही करत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम आकृत्यांचा प्रश्न घेतो, कारण तेथे आपल्या मुलाचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. दोन्ही शिक्षक बरोबर आहेत. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेवर, म्हणजे प्रश्नपत्रिकेवर, सुरुवातीलाच ज्या सूचना छापलेल्या असतात त्यांत आकृत्या पेनानेच काढाव्यात असे स्पष्ट म्हटलेले असते, आणि हिंदीच्या कृतिपत्रिकेतही सर्व आकृत्यांसाठी पेनच वापरण्याची सूचना असते. येथे आकृती म्हणजे आकलनाच्या कृतीतील चौकटी, ओघतक्ता किंवा मध्यभागी एक शब्द आणि भोवती चार गोल असलेले जाळे. त्या आकृतीला मोजमाप नाही. ती उत्तराची चौकट आहे आणि तिच्यात लिहिलेला मजकूर हेच उत्तर आहे. चौकट वाकडी झाली म्हणून कोणी गुण कापत नाही. मुले पट्टी आणि पेन्सिल घेऊन ती चौकट सजवत बसतात आणि निबंधाला वेळ उरत नाही, हे मात्र दर वर्षी दिसते.

विज्ञानात याच्या उलट आहे. बहिर्वक्र भिंगामुळे मिळणारी प्रतिमा दाखवायची असेल, विद्युत चलित्राची रचना काढायची असेल किंवा एखाद्या इंद्रियाची नामनिर्देशित आकृती हवी असेल, तर तेथे रेषा कुठून निघते आणि कुठे मिळते यालाच गुण असतात. मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण अपवर्तनानंतर नाभीतूनच जायला हवा. तो दोन मिलिमीटर बाजूने गेला तर मुलाला तो पुसून पुन्हा काढता आला पाहिजे. भूगोलात नकाशाचा आराखडा प्रश्नपत्रिकेबरोबर दिला जातो आणि रंगीत पेन्सिली व नकाशाचे स्टेन्सिल वापरण्याची परवानगी सूचनांमध्येच असते. भूमितीतही पेन्सिल हवी, पण खोडरबर जपून वापरायला हवा, कारण रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात आणि त्या पुसू नयेत अशी सूचना गणित भाग दोनच्या प्रश्नपत्रिकेवर असते. अनेक विद्यार्थी वर्तुळाची स्पर्शिका अचूक काढतात आणि मग पान स्वच्छ दिसावे म्हणून कंपासने काढलेले कंस पुसून टाकतात. परीक्षकाला ते कंसच पाहायचे असतात, कारण त्यांच्यावरूनच रचना केली आहे की पट्टी ठेवून नजरेने रेषा ओढली आहे हे कळते.

म्हणजे ही शिक्षकांची आवड नाही. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर जे छापले आहे तेच प्रमाण धरावे आणि मुलाला तो मजकूर वाचण्याची सवय लावावी. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेताना बहुतेक पालक थेट प्रश्न क्रमांक एकपासून सुरुवात करतात. वरच्या सूचनाही त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात.

आता उत्तरे पेनानेच का. शिसपेन्सिलीचे लिखाण पुसता येते, आणि ते केवळ विद्यार्थ्यालाच पुसता येते असे नाही. उत्तरपत्रिका मुलाच्या हातून पर्यवेक्षकाकडे, तेथून परीक्षा केंद्राच्या गठ्ठ्यात, मग परीक्षक आणि नियामक अशा अनेक हातांतून जाते. या प्रवासात कोणी एक आकडा बदलला तर तो बदल ओळखता येऊ नये अशी स्थिती कोणत्याही मंडळाला परवडणारी नाही. शाईने लिहिलेले बदलले की त्याची खूण राहते. निकालानंतर कोणी शंका घेतली तर उत्तरपत्रिकेवर जे आहे ते विद्यार्थ्यानेच लिहिले असे मानता आले पाहिजे, आणि त्यात विद्यार्थ्याचेही संरक्षण आहे.

दुसरे कारण छायाप्रतीचे. दहावी आणि बारावीच्या निकालानंतर विद्यार्थ्याला आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करण्यापूर्वी ती घ्यावीच लागते. फिकट पेन्सिलीचे लिखाण छायाप्रतीत अनेकदा उमटतच नाही. मूळ कागदावर जे उत्तर आहे ते प्रतीत दिसले नाही, तर पुनर्मूल्यांकन मागावे की नाही याबद्दल शिक्षकांचे मत घ्यायचे कशावर?

पेन्सिलीवरून पेन फिरवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ही सवय मोडलीच पाहिजे. वेळ दुप्पट जातो हा भाग आपण पाहिलाच आहे. त्याशिवाय पेन्सिलीच्या थरावर बॉलपेन घसरतो आणि शाई तुटक उमटते. वरून खोडरबर फिरवला की न वाळलेली जेलची शाई पसरते आणि वाळलेली शाईही फिकट होते. दोन आकड्यांच्या जागी तीन आकडे दिसू लागतात. तपासणाऱ्याला तीन वाचायचा की आठ, हा प्रश्न पडला तर तो विद्यार्थ्याच्या बाजूने सुटेलच असे नाही.

खोडण्याऐवजी काट मारायला शिकवावे. चुकलेल्या ओळीवर मध्यभागातून एकच आडवी रेष, आणि लगेच खाली नवी ओळ. देवनागरीत शिरोरेषा असल्यामुळे ही रेष अक्षरांच्या माथ्याजवळून गेली तर शब्द काटला आहे की नाही हेच कळत नाही, म्हणून ती अक्षरांच्या पोटातून जाईल याची काळजी घ्यावी. गिरगटून काळे करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवे उत्तर लिहून होईपर्यंत जुने काटू नये. गणितात पायऱ्यांना गुण असतात. अर्धवट पण बरोबर दिशेने गेलेल्या चार ओळी मुलाने घाबरून काटल्या आणि नव्याने लिहिण्यास वेळ उरला नाही, तर मिळणारे दोन गुणही हातचे जातात.

शून्याचा मित्र

वरील प्रतिसाद परीक्षेच्या दृष्टीने योग्य आहे, परंतु त्यावरून पालकांनी पाचवीतल्या मुलाच्याही हातून पेन्सिल काढून घेऊ नये असे मला वाटते. मी महाविद्यालयात गणित शिकवतो. गणित करणे म्हणजे बव्हंशी चुकणे, मागे जाणे आणि दुसरी वाट धरणे असते, आणि त्यासाठी पेन्सिलीइतके सोयीचे साधन नाही. ज्या मुलाला पहिल्याच फटक्यात शाईने बरोबर लिहायचे आहे, तो अवघड उदाहरणाला हातच घालत नाही. मनात संपूर्ण उत्तर तयार होईपर्यंत तो पेन हातात धरून बसून राहतो. हे मी प्रथम वर्षाच्या वर्गात पाहतो.

त्यामुळे दोन कामे वेगळी करावीत असे मी सुचवीन. शोधण्याचे काम कच्च्या कागदावर, तेथे पेन्सिल असो वा पेन. मांडणीचे काम उत्तरपत्रिकेवर, तेथे फक्त पेन. आपल्या मुलाचे चुकते ते एवढेच की तो दोन्ही कामे एकाच जागी, एकावर एक करतो. परीक्षेत कच्च्या कामासाठी जागा ठरवून दिलेली असते. तिचा उपयोग त्याने मोकळेपणाने करावा, पण तेथे संपूर्ण उदाहरण सोडवून मग ते उतरवून काढू नये, नाहीतर वेळेचा प्रश्न तसाच राहील. मोठा गुणाकार, अवयव पाडणे, समीकरणाच्या उकलीचा ताळा, इतकेच तेथे करावे.

खोडरबराबद्दल आणखी एक सांगतो, जरी परीक्षेशी त्याचा थेट संबंध नाही. खोडलेली चूक शिक्षकाला दिसत नाही. काटलेली चूक दिसते, आणि विद्यार्थी कुठे अडखळला हे मला त्या काटलेल्या ओळींतूनच कळते. मला स्वच्छ वहीपेक्षा अशी वही तपासायला अधिक आवडते.

टोकदार

मी चित्रकला शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. पेन कोणता हे इतर सांगतील. मी पेन्सिलीबद्दल लिहितो, कारण परीक्षेच्या आकृत्यांत गुण जातात ते बहुधा पेन्सिलीच्या निवडीमुळे आणि टोकामुळे.

दुकानात मिळणाऱ्या पेन्सिलीवर एचबी, टू-बी, टू-एच अशी अक्षरे असतात. शिसे म्हणजे प्रत्यक्षात ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण. माती जास्त असेल तर पेन्सिल कठीण आणि रेष फिकट, ग्रॅफाइट जास्त असेल तर पेन्सिल मऊ आणि रेष गडद. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, बसलेल्या मुलांना हा फरक ठाऊक असतो. इतरांना कोणी सांगत नाही आणि ती मुले ‘अधिक काळी’ म्हणून विकली जाणारी मऊ पेन्सिल घेऊन भूमितीचा पेपर लिहायला जातात. तिचे टोक चार रेषांत बोथट होते, हाताखाली काजळी पसरते आणि छेदनबिंदू हा बिंदू न राहता ठिपका होतो. उलट टू-एचची रेष इतकी फिकट असते की ती छायाप्रतीत उमटणार नाही आणि दाब दिल्यास कागदात खोबण पडते. विज्ञान आणि भूमिती या दोन्हींसाठी एचबी पुरे. ज्यांना टोक करण्यात वेळ घालवायचा नाही त्यांनी ०.५ मिलिमीटरची यांत्रिक पेन्सिल घ्यावी, मात्र जोरात लिहिणाऱ्या मुलाची ०.५ ची कांडी सारखी तुटते, त्याला ०.७ बरी.

कंपासपेटीतल्या कंपासला जी पेन्सिल लावायची ती अर्धी झालेली, आखूड असावी. नवी पूर्ण लांबीची पेन्सिल लावली की कंपास एका बाजूला कलतो आणि कंस काढता काढता त्रिज्या बदलते. कंपासचा स्क्रू आदल्या रात्री आवळून ठेवावा. परीक्षा सुरू झाल्यावर शेजाऱ्याकडे काही मागता येत नाही, म्हणून दोन पेन्सिली आधीच टोक करून न्याव्यात आणि खोडरबर पांढरा, मऊ असा घ्यावा. पेन्सिलीच्या मागे बसवलेले गुलाबी रबर जुने झाले की पुसण्याऐवजी कागद खरवडते.

आकृतीला नावे देताना रेषा पट्टीने, शक्यतो आडव्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या असाव्यात. नावे मी मुलांना पेनाने लिहायला सांगत असे, कारण ते उत्तर आहे आणि ते वाचता आले पाहिजे. पण काही विज्ञान शिक्षक तीही पेन्सिलीने मागतात, तेव्हा शाळेत विचारून घ्यावे. नकाशात स्केचपेन मुळीच वापरू नये. दहावीला भारत आणि ब्राझील असे दोन देश अभ्यासाला आहेत. आराखडा पातळ कागदावर असला तर ॲमेझॉनच्या खोऱ्यात भरलेला हिरवा रंग कागदाच्या पाठीमागे उतरतो आणि तो कागद उत्तरपत्रिकेला जोडल्यावर शेजारच्या पानावरही डाग पडतो. रंगीत पेन्सिल हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवावी आणि सूची विसरू नये.

पॅसेइक

मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो. येथील मुलांच्या हातात शाळेत बहुतांश पेन्सिलच असते आणि गणिताची परीक्षा पेनाने लिहा असे कोणी म्हणत नाही, हे आपल्याकडून आलेल्या पालकांना सुरुवातीला विचित्र वाटते. म्हणून थोडी माहिती देतो.

अमेरिकेत परीक्षा आणि पेन्सिल यांची सांगड घट्ट बसण्यामागे एक यंत्र आहे. १९३८ साली आयबीएमने ८०५ क्रमांकाचे गुण मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्यामागची मूळ कल्पना रेनॉल्ड जॉन्सन या मिशिगनमधील शाळाशिक्षकाची होती. ग्रॅफाइटमधून वीज वाहते; विद्यार्थ्याने पेन्सिलीने भरलेल्या खुणेतून विद्युतप्रवाह गेला की यंत्राला ती खूण कळत असे. शाईने भरलेली खूण त्या यंत्राच्या दृष्टीने कोरी होती. पुढे प्रकाशाच्या साह्याने खुणा वाचणारी यंत्रे आली तरी येथे क्रमांक दोनची पेन्सिल, म्हणजे साधारण आपली एचबी, परीक्षेच्या सूचनांमध्ये राहिली. एसएटी ही महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा कागदावर होती तोपर्यंत तिला हीच पेन्सिल लागे. २०२४ पासून ती येथे संगणकावर होते.

तरीसुद्धा येथेही दीर्घ उत्तरांच्या बाबतीत शाईला स्थान होते. शाळेत असतानाच देता येणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या एपी परीक्षा कागदावर होत असताना बहुपर्यायी प्रश्नांना पेन्सिल आणि बहुतेक विषयांच्या सविस्तर उत्तरांना काळा किंवा गडद निळा पेन अशी विभागणी असे. केंब्रिजच्या परीक्षांतही, ज्या पुण्या-मुंबईतल्या काही शाळांत होतात, उत्तरे काळ्या किंवा गडद निळ्या पेनाने आणि आकृत्या व आलेख एचबी पेन्सिलीने, अशी सूचना उत्तरपत्रिकेवर छापलेली असते. म्हणजे आपल्या मुलाला राज्य मंडळात जी पद्धत शिकायची आहे ती त्याला इतर ठिकाणीही उपयोगी पडेल.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला ‘फळा आणि खडू’ सरांचा आणि ‘टोकदार’ सरांचा प्रतिसाद वाचायला दिला. कंस पुसू नयेत ही सूचना त्याने जुन्या प्रश्नपत्रिकेवर स्वतः शोधून काढली आणि मराठीच्या सरांबद्दलची त्याची तक्रार बरीच निवळली.

आणखी दोन शंका आहेत. तो डावखुरा आहे, त्यामुळे जेल पेनाने लिहिलेले त्याच्याच हाताने फरफटते. पेन्सिल आवडण्यामागे हेही एक कारण असावे. आणि धाकटी मुलगी प्राथमिक शाळेत आहे, ती शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहे. तेथे गोल रंगवायचे असतात, मग तेथे तरी पेन्सिल चालते का?

फळा आणि खडू

डावखुरेपणाचे आधीच सांगितले असते तर मी पेनाचा मुद्दा प्रथम घेतला असता. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावखुऱ्या मुलाचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून पुढे सरकतो. जेलची शाई पाण्यावर आधारित असते आणि ती वाळायला वेळ लागतो. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असल्यामुळे लगेच बसते, म्हणून त्याच्यासाठी साधा बॉलपेन उत्तम. कागद थोडा उजवीकडे कलता ठेवावा आणि हात ओळीच्या खाली राहील असे बसावे. मनगट वाकवून वरून लिहिण्याची सवय असेल तर ती नववीत बदलायला लावू नये, तेवढ्यासाठी पेन बदलणे सोपे आहे. वर्गात बाक वाटून घ्यावा लागत असेल तर त्याने डाव्या टोकाला बसावे, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही.

शाई निळी किंवा काळी, यांपैकी एकच, आणि संपूर्ण पेपरभर तीच ठेवावी. प्रश्नक्रमांक एका रंगात, शीर्षके दुसऱ्या रंगात असा थाट नको. लाल आणि हिरव्या शाईला हातच लावू नये. तपासणाऱ्यांच्या खुणा आणि विद्यार्थ्याचे लिखाण यांत गल्लत होता कामा नये. बाजारात हल्ली खोडता येणाऱ्या शाईचे पेन मिळतात, त्यांपासून विशेष सावध राहावे. त्यांतील एका प्रकारात घर्षणाच्या उष्णतेने शाई अदृश्य होते आणि साधारण ६० अंश सेल्सियसला ती आपोआपही नाहीशी होते. अभ्यासाच्या वहीला ते ठीक. उत्तरपत्रिकेवर त्याने एक अक्षरही लिहू नये.

शिष्यवृत्तीला पेन्सिल चालत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत ओएमआर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या, उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे निळ्या किंवा काळ्या शाईच्या बॉलपेनने भरायची असतात. ‘पॅसेइक’ यांनी लिहिलेल्या यंत्राला वीज वाहणारी खूण लागत होती. आताच्या यंत्राला फक्त गडद खूण लागते, म्हणून शाईने काम होते आणि नंतर कोणी खूण बदलली असा संशयही राहत नाही. एकदा भरलेले वर्तुळ बदलता येत नाही, खोडरबर किंवा व्हाइटनर लावता येत नाही. त्यामुळे मुलीला दोन गोष्टींचा सराव हवा: आधी प्रश्नपत्रिकेवर उत्तर ठरवणे आणि मग वर्तुळ भरणे, तसेच प्रश्नक्रमांक आणि वर्तुळाची ओळ जुळवून पाहणे. लहान मुले एक प्रश्न सोडून पुढे जातात आणि वर्तुळ मात्र सोडलेल्या प्रश्नाचे भरतात. तेथून पुढची सगळी उत्तरे एक ओळ सरकतात. कोऱ्या नमुना उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून तिला बॉलपेननेच भरायला द्याव्यात.

अकरावी सायन्स

मी मागच्या वर्षी दहावी दिली. मलाही आधी पेन्सिल आणि मग पेन अशी सवय होती. आमच्या बाईंनी सराव परीक्षांच्या वेळी खोडरबर टेबलावर जमा करून घेतले होते आणि फक्त आकृतीच्या प्रश्नासाठी मागून घ्यायला सांगितले होते. सुरुवातीला उत्तरपत्रिका फार घाण दिसायची. नंतर काट मारण्याचे प्रमाण आपोआप कमी झाले, कारण लिहिण्याआधी मनात एकदा ओळ जुळवून पाहायची सवय लागली.

एक सुचवतो. त्याला नवीन पेन थेट परीक्षेला नेऊ देऊ नका. ज्या पेनाने आठवडाभर लिहिले आहे तोच न्यावा आणि त्याच कंपनीचे आणखी दोन न्यावेत, म्हणजे मध्येच रिफिल संपली तरी शाईचा रंग आणि अक्षराची जाडी बदलत नाही.

टोकदार

डावखुऱ्या मुलासाठी एक राहिले. शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवणे त्याला उलट्या हाताने जमत नसेल तर पेन्सिल स्थिर धरून शार्पनर फिरवायला सांगावे. आणि पट्टीवर रेष ओढताना तो उजवीकडून डावीकडे ओढत असेल तर ओढू द्यावी. फक्त मोजमाप घेताना शून्याची खूण कोणत्या टोकाला आहे हे त्याने आधी पाहावे.